चौसष्ट जोगिणी आणि एक आलोच

जोगीण पहिली

पिठोरी अमावास्येला चौसष्ट जोगिणी मांडायच्या असतात. बहुतेक घरं बाजारातून छापील कागद आणतात आणि भिंतीला चिकटवून मोकळी होतात. वलगावात महादेवरावांच्या घरी मात्र जोगिणी अजून पिठाच्या होतात. कणीक, गूळ, थोडी सुंठ, वर वाफ. बोटभर उंचीच्या चौसष्ट बाया पाटावर ओळीनं उभ्या राहतात. सगळ्या आरती करते. डोळ्यांच्या जागी खसखस लावायची असते, आणि घाईत लावली की निम्म्या जोगिणी तिरळ्या होतात. यंदा घाई होती.

आरती म्हणजे महादेवरावांची थोरली. वय बत्तीस. रोज स्कूटीनं नांदगाव पेठेला जाते, कापडाच्या कारखान्यात. यंत्रावरून उतरलेल्या कापडाच्या थानांतले दोष शोधायचे, हे तिचं काम. कुठं धागा सुटला, कुठं रंग फुटला. "हे थान कोणी पास केलं?" असं वरून कोणी ओरडलं की ती मान वर न करता "मी" म्हणते. दिवसातून दहादा म्हणते. तिथं त्या शब्दाचं तिला काहीच वाटत नाही.

घरात तो शब्द म्हणायची वेळ वर्षातून एकदाच येते, आणि तिथं तो तिच्या घशात पंचवीस वर्षांपासून अडकलेला आहे.

जोगीण तिसरी

(दुसरी नाही. ती पूजेआधीच कोणीतरी खाल्ली. पुढंही अशा गळालेल्या दिसतील. कोण खाऊन राहिलं ते लवकरच कळेल.)

पूजा अशी असते. आईचा दिवसभर उपास. दिवेलागणीला जोगिणींना हळदीकुंकू. मग आई खीर-पुरीचं ताट, म्हणजे वाण, डोक्यावर घेते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि मागं न बघता विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. मागून लेकरानं "मी" म्हणायचं आणि वाण उतरवून घ्यायचं. लेकराला आयुष्य मिळतं, आईला जेवण.

आरतीनं एकदा कणीक तिंबता तिंबता विचारलं होतं, "आई, आपल्याच पोराले पाहुणा काहून म्हणाचं?"

"लेकरं काय आपले असतात का वं? येतात, खातात, जातात. पाहुणेच झाले ना मंग."

"आन् कोण हाये हे माहीत असून विचाराचं कायले?"

"अमावस हाये आज. चांद नाई. अंधारात कोण आलं ते दिसते का? म्हणून विचारा लागते." मग परातीकडे बघून, "पाणी घाल. दगड करून राहिली कणकीचा."

यापलीकडे आईनं, म्हणजे जमुनाबाईंनी, अध्यात्म कधी सांगितलं नाही.

या घरात दोन नियम जास्तीचे होते. पहिला: वाण एकदा डोक्यावर गेलं की बाईनं ते स्वतः उतरवायचं नाही, आणि उतरेपर्यंत "अतीत कोण?" सोडून एक अक्षर बोलायचं नाही. ताटाला ज्याचा हात लागेल तो अतीत, म्हणून बाकी कोणी आधारालाही हात लावायचा नाही. दुसरा नियम: "मी" म्हणायचं ते मुलानं.

दुसरा नियम आरतीला सातव्या वर्षी कळला. भाऊ पियुष तेव्हा तीन वर्षांचा होता आणि पुरणपोळी खाऊन गाढ झोपला होता. आईनं विचारलं. कोणी बोलेना. आरती नाचत पुढं झाली, "मी! मी!" तेव्हा वडिलांचे थोरले भाऊ खुशालराव, म्हणजे मोठे बाबा, खाटेवरून म्हणाले, "ए पोट्टे, हट मांगं. पोरी नाई म्हणत. पोरी दुसऱ्या घरच्या पाहुण्या." झोपलेल्या पियुषला बोचक्यासारखं उचलून आणलं आणि त्याचा लोंबता हात ताटाला टेकवला. झोपेत त्यानं खिरीत पाचही बोटं बुडवली. सगळे हसले.

आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती काही बोलली नाही. बोलता येत नव्हतं म्हणून बोलली नाही, की बोलायचंच नव्हतं म्हणून, हे आरतीला त्या दिवसापासून विचारायचं आहे.

जोगीण चौथी

सहा वाजून वीस मिनिटं. पियुषचा फोन. जमुनाबाईंनी तो स्पीकरवर टाकला. त्या कधी स्पीकरवर टाकत नाहीत.

पियुषचं अकोल्याला जुन्या शहरात मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे.

"कुठी आहेस रे?"

"आलोच आई! नाक्यावर आहो. दोन मिनिटं."

"नाक्यावर? वलगावच्या?"

"हाव ना! आलोच!"

मागून कुठल्यातरी एसटीचा कंडक्टर स्पष्ट ऐकू आला: "दर्यापूर, दर्यापूर, उतरा, दर्यापूर."

पियुषचा 'आलोच' म्हणजे काय ते घरातल्या मांजरीलाही ठाऊक. 'आलोच' म्हणजे अंघोळ व्हायची आहे. 'पोहोचलोच' म्हणजे निघालो. 'दारात आहो' म्हणजे निम्मं अंतर आहे. दर्यापूरहून मोटारसायकलवर एरवी तासभर लागतो, आणि आज पोळा. रस्त्यावरच्या प्रत्येक गावात तोरणाखाली बैल उभे.

"ऐकलं ना?" जमुनाबाई सगळ्यांना म्हणाल्या. "आलाच म्हणते." आणि त्यांनी ताट उचललं.

"जमुने, थांब ना," महादेवराव म्हणाले. "येऊ दे त्याले."

"आलोच म्हणून राहिला ना तो. पोराच्या शब्दावर इस्वास नाई का तुमचा?"

"हाये, पण... आन् हे काय? खिरीत चारोळ्या नाईत. पियुषले चारोळ्या लागतात."

"सरल्या चारोळ्या."

आरतीनं स्वयंपाकघराच्या फळीकडे बघितलं. चारोळ्यांचा डबा काठोकाठ भरलेला होता. सकाळी तिनंच भरला होता. आई आता विसरायला लागली, असं तिला वाटलं. चारोळ्या तिला स्वतःला मुळीच आवडत नाहीत. लहानपणी एकेक वेचून ती भिंतीला चिकटवायची.

ताट डोक्यावर गेलं. तोंड भिंतीकडे झालं.

"अतीत कोण?"

दारात कोणी नव्हतं.

जोगीण नववी

(पाचवी ते आठवी: खुशालराव. मोठ्या बाबांना साखरेचा आजार आहे, गोड बंद आहे. जोगिणींचा पाट त्यांच्या खाटेपासून हातभर अंतरावर आहे. सगळे जमुनाबाईंच्या डोक्याकडे बघत आहेत.)

महादेवरावांनी पंचांग आणलं, चष्मा आणला, चष्मा पुसायला धोतराचा सोगा काढला आणि वाचलं:

"अमावास्या समाप्ती, सात वाजून सदतीस मिनिटं."

"म्हंजे?" मोठे बाबा चघळत म्हणाले.

"म्हंजे सात सदतीसच्या आत वाण उतरलं पायजे. नंतर प्रतिपदा."

"मंग प्रतिपदेले उतरवू."

"दादा, प्रतिपदेले कसं उतरवता? वर्षाचा उपास वाया जाईन तिचा."

"मंग तसंच ठेवा पुढच्या पिठोरीपर्यंत."

"अतीत कोण?" जमुनाबाई भिंतीला म्हणाल्या. ते इतकं कोरडं निघालं की मोठे बाबा चघळायचे थांबले.

जोगीण दहावी: आईच्या दोन शब्दांचा कोश

घरात आईचं बोलणं फक्त आरतीला समजतं. त्या संध्याकाळी सव्वा तासात तिनं जे भाषांतर केलं, त्यातलं काही:

*अतीत कोण?* (झटक्यात, शेवट तोडून): गॅसवर कढी आहे.

*अतीत कोण?* (नाकातून): नाकावर माशी आहे.

*अतीत को-ओ-ण?* (लांबवून): तुझ्या बापाला म्हणा पंचांग मिटा आणि पंखा लावा.

*अतीत कोण? अतीत कोण?* (लागोपाठ): दार! मांजर! पुरण!

*अतीत.* (नुसतंच): मान.

*कोण?* (नुसतंच): मोठे भाऊजी काय खाऊन राहिले?

शेवटचं आरतीनं मोठ्यानं सांगितलं नाही. फक्त पाट थोडा सरकवला. मोठ्या बाबांनी खाट थोडी सरकवली.

जोगीण बाविसावी

अमरीन आली. ती शेजारच्या जैनुद्दीनचाचांची मुलगी. बाप-लेक मिळून अर्ध्या वलगावच्या बैलांच्या झुली शिवतात. पोळ्याच्या संध्याकाळी आपली झूल कोणत्या बैलावर कशी दिसली ते बघत गल्लीतून हिंडायचं आणि शेवटी आरतीकडे पुरणपोळी खायची, हा तिचा शाळेपासूनचा रिवाज.

"चाची, सलाम! अरे? ये क्या, खडी काहून आहे तुमी?"

"अतीत कोण?"

"मैं अमरीन."

"तुले नाई विचारलं वं," आरती म्हणाली. "पियुष नाई आला अजून."

"आनेवाला था ना?"

"'आलोच' म्हणाला."

"या अल्लाह," अमरीन म्हणाली आणि तिनं तडक कामाला हात घातला. कोपऱ्यातली ज्वारीची कोठी ढकलत आणली. वर दोन उशा. जमुनाबाईंची कोपरं उशांवर. "ताट को हात नहीं लगाया हां मैंने, देखो. कोपर को लगाया. कोपर चलता ना?"

महादेवरावांनी पंचांग उघडलं. कोपराबद्दल त्यात काही नव्हतं.

अमरीननं आरतीला बाजूला घेतलं. "तू काहून नहीं लेती?"

"काय?"

"वाण. और क्या, कढई?"

"आमच्यात पोरी नाई घेत."

"कौन बोला?"

आरतीनं हनुवटीनं खाटेकडे दाखवलं. मोठे बाबा एका जोगिणीची खसखस नखानं काढत होते. डोळे ते खात नसत.

"पचीस साल पयले बोलले ना वो? इनको कल की बात याद नहीं रहती, आरती. सकाळी मले तीनदा विचारलं, तू कोणाची."

"आईनं पण तवा काई म्हटलं नाई."

"चाची को बोलने कहां देते तुम लोग. अब भी देख," अमरीन म्हणाली.

कारखान्यात आरतीनं एकदा मालकाच्या मेहुण्याची चाळीस थानं परत पाठवली होती. पण इथं, या खोलीत, ती सात वर्षांची होती आणि कोणीतरी 'हट मांगं' म्हटलं होतं, आणि ती अजून मागंच उभी होती.

जोगीण एकतिसावी: फोनवर आलेलं

पियुष: आलोच

पियुष: खल्लारले पोळा लागला. रस्ता बंद

महादेवराव: त्वा नाक्यावर आहो म्हटलं होतं

पियुष: नाक्यावरच होतो. दर्यापूरच्या

पियुष: इथं एका काकांनी बैल धरायले दिला. दोन मिनिटं म्हणाले

पियुष: ते काका कुठी दिसून नाई राहिले

पियुष: बैल माझ्याकडे पाहून राहिला

महादेवराव: बैल सोड आन् ये

पियुष: कसा सोडू. आता मिरवणुकीत मी पहिला आहो. ओवाळून राहिले मले

पियुष: [फोटो: पियुष, कपाळावर टिळा, गळ्यात बैलाची घागरमाळ]

पियुष: आलोच

जोगीण पंचेचाळिसावी

सात वाजता महादेवरावांना युक्ती सुचली. "आवाजाचा निरोप पाठव म्हणा त्याले. 'मी' एवढंच. फोन ताटाजवळ धरू. 'मी' म्हटलं त्याचं झालं काम."

निरोप आला. महादेवरावांनी फोन बायकोच्या मागं धरला, दोन्ही हातांनी, ओवाळणीचं तबक धरावं तसा.

"अतीत कोण?"

बोट दाबलं. फोनमधून आधी दोन डझन बैलांच्या घंटा, मग कोणीतरी "ए सरक बे", आणि मग पियुषचा आवाज: "बाबा, हे चालू हाये का? चालू झालं का? हां. मी."

सगळ्यांनी श्वास रोखला.

"आता घे म्हणा त्याले ताट," मोठे बाबा म्हणाले.

फोननं ताट घेतलं नाही. महादेवरावांनी निरोप पुन्हा वाजवला. पुन्हा घंटा, पुन्हा "सरक बे", पुन्हा "मी".

"अतीत कोण?" जमुनाबाई म्हणाल्या.

"काय म्हणते?" महादेवरावांनी विचारलं.

आरती म्हणाली, "फोनले हात नसतात म्हणते. अजून बरंच काही म्हणते, पण ते मी सांगत नाई."

जोगीण एकोणपन्नासावी

(हिचं फक्त डोकं खाल्लेलं आहे, त्यामुळं हा भाग मधूनच सुरू होतो.)

...म्हणून कढी उतू गेली.

जोगीण अठ्ठावन्नावी

सात पंचवीस. आता चिमण्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

चिमण्या म्हणजे या घरातला शेवटचा बैल. बाकी कामं ट्रॅक्टर करतो. चिमण्या फक्त असतो. नाव ठेवलं तेव्हा तो वासरू होता आणि चिमणीएवढा खायचा. आता त्याच्या खांद्याशी उभं राहिलं तर महादेवरावांचा फक्त फेटा दिसतो. त्या दिवशी शिंगांना लाल हिंगूळ, अंगावर अमरीनची आरशांची झूल, कपाळाला गोंडे. पोळ्यातून आणून त्याला अंगणात बांधला होता. आता पुरणपोळीची वेळ टळून गेली तशी त्यानं खुंटा उपटला आणि दारात येऊन उभा राहिला. दाराला जेवढी रुंदी होती तेवढा तो होता. बाहेरचं दिसेनासं झालं.

त्याला समोर दिसलं ते असं: एक बाई पाठमोरी, तिच्या डोक्यावर खीर आणि पुरी, अगदी त्याच्या तोंडाच्या उंचीला.

त्यानं मान आत घातली.

"हाकला ना बाबा त्याले!" आरती ओरडली.

"सणाच्या दिवशी हाकलू कसा? पाप लागते."

मोठे बाबा खाटेवरून उठून उभे राहिले. तास-सव्वा तासात पहिल्यांदा त्यांचं तोंड रिकामं होतं. "महादेवा, काल याचे खांदे तूप-हळदीनं मळताना काय म्हटलं होतं त्वा याले?"

"काय म्हणतो? तेच जे दरसाल म्हणतो. 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.'"

"हां! म्हंजे रीतसर बोलावलेला पाहुणा हाच. पियुषले कोणी आवतण देल्लं? कोणीच नाई. मंग अतीत कोण?"

मुद्दा बिनतोड होता. महादेवरावांनी पंचांग उघडलं, पण आता ते उलटं धरलं होतं.

"दादा, बैल अतीत झाला तर पियुषचं आयुष्य बैलाले जाईन!"

"मंग? चांगला हाये बैल. येळेवर आला."

चिमण्याची जीभ बाहेर आली. ती वीतभर होती.

जोगीण त्रेसष्टावी

सात चौतीस. अंगणात गाडी आपटल्याचा आवाज आला, मग धावत्या पावलांचा, आणि त्यासोबत घागरमाळेचा. खल्लारचा बैल काकांना परत मिळाला होता, माळ मात्र त्यानं काढलीच नव्हती.

पण दारात चिमण्या होता. पियुषनं त्याला डावीकडून ढकललं, उजवीकडून ढकललं, शेपटी धरली, सोडली. चिमण्यानं लक्ष दिलं नाही. त्याच्यासाठी ही खीर होती आणि बाकी जग मागच्या बाजूला होतं.

"अतीत कोण?" जमुनाबाईंनी विचारलं.

"मी!" आवाज थेट बैलातून आला.

महादेवरावांच्या हातून पंचांग पडलं. "बैल बोलला!"

मोठ्या बाबांनी हात जोडले. "मी म्हणून राहिला! ऐकलं? मी म्हणून राहिला!"

"अरे बाबा, मी आहो, मी, पियुष! हा हटत नाई!"

"पियुष म्हणते!" मोठे बाबा गहिवरले. "महादेवा, पोरगा बैलात आला रे!"

अमरीन कोठीवर डोकं ठेवून हसत होती. उशा पडल्या. जमुनाबाईंची कोपरं लटपटली, ताट डावीकडे कललं, खीर काठापर्यंत आली. चिमण्याच्या जिभेचं टोक आणि पुरी यांच्यात आता चार बोटं होती. सात पस्तीस.

आणि तेव्हा जमुनाबाईंनी पुन्हा विचारलं.

"अतीत कोण?"

सव्वा तास आरती या दोन शब्दांचं भाषांतर करत होती. कढी, माशी, पंखा, मान. हा सूर कोशात नव्हता. हळू होता. दाराकडे जात नव्हता, पियुषकडे नाही, बैलाकडे तर नाहीच. तो भिंतीला लागून बाजूला वळला आणि पाटाशी येऊन थांबला, जिथं आरती उभी होती. तिला एकाएकी चारोळ्यांचा भरलेला डबा दिसला. स्पीकरवर टाकलेला फोन दिसला. दर्यापूर, दर्यापूर, उतरा. अठ्ठावीस वर्षं पियुषचा 'आलोच' ऐकलेल्या बाईनं त्या 'आलोच'च्या भरवशावर ताट उचललं होतं, सगळ्यांना साक्षीला ठेवून.

आई काहीच विसरली नव्हती.

भाषांतर झालं होतं. फक्त ते मोठ्यानं सांगायचं राहिलं होतं.

चिमण्याची जीभ. दोन बोटं.

"मी," आरती म्हणाली.

आवाज कारखान्यातला निघाला. मान वर न करता म्हणतो तो नाही, यंत्रं चालू असताना ओरडतो तो. चिमण्यानं दचकून जीभ आत घेतली. तिनं दोन पावलं टाकली, बैलाच्या तोंडाखालून हात घातला आणि ताट उतरवून घेतलं. खीर सांडली नाही. एक पुरी पडली. ती चिमण्याला मिळाली, आणि आवतणाचा मान राहिला.

सात छत्तीस.

जोगीण चौसष्टावी

जमुनाबाई वळल्या. हात अजून वरच होते. ते खाली येईनात. सव्वा तास तसेच राहून ते तिथंच आखडले होते. त्या तशाच, दोन्ही हात आकाशात, खाटेवर बसल्या, आणि सव्वा तासानंतर पहिलं वेगळं वाक्य बोलल्या.

"काहून वं? एवढा येळ लागते का?"

"मले वाटलं..."

"काय वाटलं? माया मानेचा पार भुगा झाला तुले वाटेपर्यंत. पंचवीस वर्षं झाले, दरसाल विचारून राहिली मी. तोंड नाई का तुले?"

"पण तवा मोठे बाबा..."

"तवा ताट होतं डोक्यावर. बोलता येत होतं का मले? आन् ताट उतरल्यावर विचारलं का त्वा? नाई. जाऊन झोपली पांघरूण घेऊन. खा आता. चारोळ्या नाई त्यात."

आरतीनं पुरीचा तुकडा खिरीत बुडवला. काही बोलावं असं तिला वाटलं, पण तोंड भरलेलं होतं आणि डोळेही. अमरीननं मागून दोन्ही हात धरून जमुनाबाईंचे खांदे खाली दाबायला सुरुवात केली. "आराम से चाची. बिस्मिल्लाह. एक, दो..." कडकड आवाज झाला आणि डावा हात खाली आला.

चिमण्याच्या पोटाखालून रांगत पियुष आत आला. कपाळावर टिळा, गळ्यात घागरमाळ, गुडघ्यांवर जे असायचं ते.

"आलो," तो म्हणाला. त्याच्या तोंडून 'च'शिवायचं 'आलो' घरात पहिल्यांदाच निघालं.

त्यानं ताईच्या हातातलं ताट बघितलं. मग आईकडे. मग पुन्हा ताटाकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुयी वाटी झाकून ठेवली हाये चुलीमांगं," जमुनाबाई उजवा हात अजून वर ठेवून म्हणाल्या. "चारोळ्या टाकून."

"मंग ठीक हाये," पियुष म्हणाला आणि तो वाटीकडे निघाला. जाता जाता घागरमाळ काढून आरतीच्या गळ्यात टाकली. "अतीत तू, हे तुयं." ती रात्रभर वाजत राहिली.

महादेवराव पंचांग उचलून धूळ झटकत होते. प्रतिपदा लागली होती. पोरीनं वाण घेतल्याबद्दल त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण बैल बोलला असं ते पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांसमोर म्हणून बसले होते, आणि त्यानंतर कोणत्याही विषयावर मत द्यायची त्यांची हिंमत होईना.

जमुनाबाईंचा उजवा हात अखेर खाली आला. येता येता तो वाटेत थांबला आणि पाटाकडे रोखला गेला. पाटावर एकच जोगीण उभी होती, तिरळी, कडेला.

"जोगिणी कोणी खाल्ल्या?"

तासभर ज्या घरात पोरगा, फोन आणि बैल सगळे "मी, मी" करत होते, तिथं कोणाच्या तोंडून तो शब्द निघेना. पियुषनं वाटीत तोंड घातलं. चिमण्या मागं सरकून अंगणात गेला.

मोठे बाबा जमिनीकडे बघत होते. मिशीला गूळ होता. छातीवर खसखशीचे डोळे सांडले होते, शंभरावर.

"मी," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"ऐकू नाई आलं," जमुनाबाई म्हणाल्या.

आरतीनं घास गिळला. पंचवीस वर्षांचा हिशोब करायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. तिनं मोठ्या बाबांकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांना बहुधा खरंच आठवत नव्हतं.

तिनं शेवटची जोगीण उचलली आणि अर्धी मोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"ते म्हणतात, मी," तिनं आईला भाषांतर करून सांगितलं. "आन् म्हणतात, सुंठ कमी हाये."